जत्रेच्या दिवशी लावलेलं कुलूप

शाळेची प्रार्थना नुकतीच संपली होती. पोरं रांगेनं वर्गाकडे निघाली होती आणि माझ्या पर्समधला फोन थरथरायला लागला. गोदामावशीचा नंबर. शाळेच्या वेळेत ती सहसा फोन करत नसे, म्हणजे बातमी मोठीच असणार, असं वाटून मी व्हरांड्याच्या कोपऱ्यात पळाले आणि नेहमीसारखं हसतच विचारलं, "बोल, रेवडीची का मानाची?" पलीकडून हसणं आलं नाही. काकांचा, म्हणजे मावशीच्या नवऱ्याचा आवाज आला. "संगीता... मावशी गेली गं तुझी. पहाटं छातीत दुखायलंय म्हनली. लातूरच्या दवाखान्यात नेईपर्यंत..." मी तशीच निघाले. नांदेडहून उदगीरची एसटी धरली. सगळ्या वाटेत एकच गोष्ट मनात टोचत होती, की आपण त्या माणसाला असल्या वेळी काय विचारून बसलो.

पण तो प्रश्न मला सांगितलाच पाहिजे, कारण त्यात माझी सगळी गोदामावशी आहे. आमच्याकडच्या जत्रांत कुस्त्यांचा फड भरतो तेव्हा सुरुवात लहान लेकरांपासून होते. मूठभर रेवड्या हे त्यांचं बक्षीस, म्हणून ती रेवडीची कुस्ती. मग जोडी मोठी होत होत दिवस कलताना शेवटची मानाची कुस्ती लागते, तेव्हा सगळं गाव श्वास धरून बसतं. मावशी आणि मी गेली काही वर्षं या दोन शब्दांनी एक वेगळीच कुस्ती मोजत होतो. लोकांना "नाही" म्हणण्याची. हसू येईल कुणाला. पण जिच्या जिभेला जन्मभर "हाव", म्हणजे "हो", याशिवाय दुसरा शब्दच ठाऊक नव्हता, तिच्यासाठी तो आखाडाच होता.

आणि आखाडा तिच्या रक्तात होता. माझे आजोबा मुखेडकडच्या एका गावात तालमीचे वस्ताद. त्यांना दोन पोरी, माझी आई आणि धाकटी गोदावरी. आईला तालमीतल्या तेलामातीच्या वासानं मळमळायचं. गोदा मात्र तालमीच्या उंबऱ्यावरच वाढली. आजोबांच्या खांद्यावर बसून तिनं आसपासच्या सगळ्या जत्रा पाहिल्या. ढाक, घिस्सा हे डाव कसे टाकायचे, कुणाचा पाय कच्चा, कोण उगीच मांडीवर थाप मारून घाबरवतोय, हे ती परकर नेसायच्या वयात सांगायची. लग्न ठरलं ते उदगीरच्या पुढे, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या गावात. तिथल्या जत्रेचा फड पार बिदरपर्यंत नावाजलेला. आजोबा खुशीत म्हणाले, "पोरी, आता तुला वर्सावर्साला घराच्या मागंच कुस्त्या!" एवढ्यावर ती बोहल्यावर चढायला तयार झाली. नवरा कसा आहे हे तिनं नंतर विचारलं म्हणे.

पण जत्रा म्हणजे पाव्हणे, हे कुणी तिला सांगितलं नव्हतं. जत्रेच्या दिवशी चूल थंड ठेवायची नाही आणि दारातून कुणाला उपाशी जाऊ द्यायचं नाही, ही त्या गावची रीत. सकाळपासून पुरणाचा घाट, दुपारी पंगतीवर पंगत, आणि घरामागच्या ओढ्यापलीकडे हलगी कडाडायला लागली की ही पोळपाटावर. हलगीच्या ठेक्यावरून तिला कळायचं, की आता जोड लागली, आता खडाखडी चाललीय, आता पडला कुणीतरी. लाटणं हवेत धरून ती क्षणभर थांबायची आणि बाहेरून आवाज यायचा, "वहिनी, पोळी येऊ द्या!" तिकडच्या पंगतीत जेवणारे कानडी धाटणीत "साकु, साकु" म्हणजे "पुरे, पुरे" म्हणत हात आडवा करतात आणि वाढणारीनं ते ऐकायचं नसतं. मावशीनं दुसऱ्याचं "साकु" कधी ऐकलं नाही आणि स्वतः कधी म्हटलं नाही. पुतणीचं बाळंतपण असो, शेजारणीच्या शेवया असोत, भावकीतलं कुणी दवाखान्यात असो, गोदाला बोलवा. ती आपली "हाव, येते की" म्हणून पिशवी उचलायची. एकदा काकांनी तिला इरकली साडी आणली. तिची घडी मोडली ती शेजारणीनं, कुणाच्या तरी लग्नात मिरवून. मावशीला विचारलं तर म्हणाली, "मागितली माय तिनं. न्हाई कसं म्हनावं?"

अशीच संसाराची सगळी वर्षं उलटली. मग एका जत्रेला दिराचे जावई फडावरून जेवायला आले. मावशीनं पोळी वाढता वाढता विचारलं, "जवाई, मानाची कोन्त्या डावावर झाली हो?" जावयांनी तुपात बोट फिरवत उत्तर दिलं, "काय की, मामी. मी तर मोबाईलच बघत होतो. आम्ही आपलं तुमच्या पोळ्या खायला येतो."

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. आवाज असा, की मी हातातलं काम सोडून खालीच बसले. "संगे, ज्यांना कुस्ती बघायचीच न्हवती, त्यांच्यासाठी मी जल्मभर घरात बसले गं?" तिच्या पोळ्या मीही दरवर्षी खाऊनच येत होते. मग तीच म्हणाली, "पुढच्या जत्रंला मी फडात जानार. पन एकदम मानाची लावली तर हाडं मोडतील. आधी रेवडीच्या खेळते."

आणि काय खेळली बाई ती! पहिली कुस्ती शेजारणीशीच. ती दुपारी शेवयांना हाक मारायला आली, तर मावशी म्हणाली, "आज न्हाई जमायचं." शेजारीण म्हणाली, "कामून? काय करायलीस?" मावशी म्हणाली, "झोपायली." दार लावलं आणि दारामागेच बसून मला फोन केला. "संगे, पाडली बघ!" मी स्टाफरूममध्ये अशी ओरडले, की दोन शिक्षिकांनी माझ्या घरी काय आनंदाची बातमी आहे ते विचारलं. त्यानंतर हे रोजचंच झालं. फोन वाजला की मी विचारायची, रेवडीची का मानाची, आणि ती डावासकट सगळं सांगायची. हरायचीही. "आज पाठ टेकली गं," म्हणायची, म्हणजे गेली असणार कुणाच्या तरी कुरडया घालायला. एकदा नाही म्हणून आली आणि तासाभरानं त्याच घरी वाटीभर भाजी घेऊन गेली. मी म्हटलं, "वाटी नेलीस म्हणजे कुस्ती बरोबरीत सुटली, मावशे." यावर ती इतकी हसली, की तिला ठसका लागला.

हे सगळं हसण्यावारी गेलं असं मात्र नाही. गावात बोलणं सुरू झालं की गोदाला घमेंड आली, वय झालं तशी फिरली. शेवयांच्या शेजारणीनं तर बोलणंच टाकलं. त्या दिवशी मावशी फोनवर रडली. वाईट वाटतंय, चुकलं का गं माझं, असं पुन्हा पुन्हा विचारत राहिली. मी समजूत काढत होते तर मध्येच नाक ओढून म्हणाली, "पन काय सांगू... काल दुपारी लई गाढ झोप लागली."

पुढची जत्रा आली. तिनं सगळ्यांना आधीच बजावलं होतं, की यंदा जेवण कुस्त्या झाल्यावर. सगळे हसले. गोदाची गंमत म्हणून सोडून दिलं. आम्ही नवराबायको नांदेडहून पोचलो तेव्हा ओट्यावर दीर, जाऊ, ते पोळीवाले जावई असे सगळे घामाघूम होऊन बसले होते. दाराला हे एवढं कुलूप! खिडकीतून कटाच्या आमटीचा वास येत होता आणि आत जायला वाट नव्हती. काका ओट्यावर येरझाऱ्या घालत होते. "इज्जत घालवली हिनं," एवढं एकच वाक्य ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. त्या गावात जत्रेच्या दिवशी घराला कुलूप म्हणजे घरात सुतक असल्याची खूण, म्हणून येणारीजाणारी माणसं थांबून आवाज खाली करून "कोन गेलं?" असं विचारत होती. माझ्या मात्र अंगावर आनंदानं काटा आला. मी पायातल्या चपला हातात घेतल्या आणि ओढा ओलांडून फडाकडे पळत सुटले. मागून काका.

फडाच्या कडेला बांध आहे. त्या बांधावर, पटकेवाल्या म्हाताऱ्यांच्या मधोमध, माझी मावशी बसली होती. एकटी बाई. अंगावर कोरी करकरीत साडी, घडी तिची तिनंच मोडलेली. पदराच्या टोकाला गाठ मारून किल्ली बांधलेली. काकांनी दम खात हात पुढे केला. "गोदावरी, किल्ली दे. पाव्हणे उनात बसलेत." तिनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "बसा. जोड लागलीय." काका तसेच उभे. तेवढ्यात मागून एक म्हातारा खेकसला, "बसा की वं, आमाला दिसंना!" आणि काका बसले! पाव्हण्यांपुढे इज्जत गेली होती, आता फडात आणखी शोभा नको म्हणून बसले असतील, पण बसले.

मानाची कुस्ती लागली होती. एक पैलवान काळाशार, उंच, दुसरा बुटका पण मांड्यांचा भक्कम. सगळे उंचाच्या बाजूचे. मावशी दात आवळून पुटपुटत होती, "त्येचा डावा पाय बघ, डावा पाय हलका पडायलाय..." हलगी अशी घुमत होती, की छातीत वाजल्यासारखं वाटत होतं. बुटका खाली गेला, लोक ओरडले, आणि तेवढ्यात त्यानं तोच डावा पाय धरून असा काही झटका दिला, की उंच पैलवान आभाळाकडे तोंड करून मातीत! गुलाल उधळला. आणि माझ्या मावशीनं, साठीला आलेल्या त्या बाईनं, उभं राहून दोन बोटं तोंडात घातली आणि वस्तादांच्या पोरीला शोभेल अशी शिट्टी मारली. काकांनी तिच्याकडे बघितलं ते बघतच राहिले. इतक्या वर्षांत त्यांना ठाऊक नव्हतं, की आपल्या बायकोला शिट्टी येते.

घरी आल्यावर तिनं कुलूप उघडलं. पाव्हण्यांची तोंडं फुगली होती. भूक मात्र तेवढी राहिली नव्हती, कारण जत्रेतली भजी आणि जिलेबी पोटात गेली होती. मावशीनं हातपाय धुतले, ताट घेतलं, पाटावर बसली आणि म्हणाली, "सैपाक झालेला हाय. वाढून घ्या." दीर-जाऊ एकमेकांकडे बघायला लागले. मला उठावंसं वाटलं, पण मी मुद्दाम उठले नाही. शेवटी काका उठले. "पळी कुठाय?" असं त्यांनी ज्या घरात जन्म काढला त्याच घरात विचारलं, आणि पहिली पोळी मावशीच्या ताटात वाढली. मग दुसरी. मग वरून तुपाची धार. तेव्हा तिनं हात आडवा केला. "साकु," म्हणाली, "साकु." तिचे डोळे भरले होते, आणि माझेही. नंतर स्वयंपाकघरात तिनं मला सांगितलं, की कुलूप लावून ती ओढ्यापर्यंत गेली, माघारी आली, कुलूप उघडलं, पुन्हा लावलं. "पाय उचलंना गं. मग अण्णांचा खांदा आठवला." अण्णा म्हणजे माझे आजोबा.

त्यानंतर जत्रेला त्या दाराला कुलूप लागत राहिलं आणि कोण गेलं असं विचारणं बंद झालं. पाव्हणे वेळ बघून यायला लागले. बांधावर तिच्या शेजारी आणखी बायका बसायला लागल्या, आणि गंमत म्हणजे त्यात पहिली होती ती बोलणं टाकलेली शेजारीण. गेल्या जत्रेला तर पोरींची जोड लागली. मावशीला काय आनंद झाला होता! दुसऱ्या दिवशी फोनवर तासभर तिनं ती कुस्ती मला सांगितली, मी शेजारी बसून पाहिलेली असतानाही.

तिला जाऊन आता काही आठवडे झालेत. परवा मुख्याध्यापकांनी रविवारच्या कार्यक्रमाची सगळी सजावट नेहमीप्रमाणे माझ्या गळ्यात घातली. मी म्हटलं, "सर, या वेळी मला जमणार नाही." ते "बरं" म्हणाले. मी तशीच व्हरांड्याच्या कोपऱ्यात पळाले, फोन काढला, नंबर लावला. पलीकडे घंटी वाजायला लागली तेव्हा माझ्या ध्यानात आलं... फोन कापायला बोट उचललं, तोवर काकांनी तो घेतला होता. मग त्यांनी घसा खाकरला. इतकी वर्षं कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून, पेपर तोंडापुढे धरून, हा माणूस आमचं सगळं ऐकत होता.

"रेवडीची का मानाची?" त्यांनी विचारलं.

"रेवडीची, काका."

"हं... जत्रा आलीय. कुलूप मी लावतो. तू बिगीनं ये, बांधावर जागा धरावी लागती."

मी लगेच हाव म्हणाले.