आता खरंच गेले

सिमरोलच्या कॅम्पसला जाणाऱ्या बसमध्ये एक मुलगी माझ्या शेजारी बसायची. मी तिथल्या लायब्ररीत आहे, ती यीस्टवर संशोधन करते. "सुनो ना काका" म्हटल्याशिवाय तिचं वाक्य सुरू होत नाही.

"सुनो ना काका, पेशीचं आवरण सपाट नसतं. एका प्रोटीनचे तुकडे आतून एकमेकांना चिकटतात आणि आवरणाला बारीक खाचा पाडतात." सांगताना ती डब्याच्या पिशवीवर नखानं रेघा ओढायची.

त्या खाचा फोटोत हिरव्या ठिपक्यांसारख्या चमकतात. तिनं ते प्रोटीन काढून टाकलं आणि ठिपके गेले. तिचे गाईड सर एकदम खूश झाले. पेपर छापायला पाठवायच्या आदल्या दिवशी मात्र तिच्या लक्षात आलं की ज्या नळीतल्या पेशींचा तो फोटो होता, ती नळी भलत्याच यीस्टची होती. कुणाला कळलंही नसतं. तिनं स्वतः जाऊन सरांना सांगितलं आणि पेपर थांबला.

त्या संध्याकाळी बसमध्ये तिनं मला हे सगळं सांगितलं. गप्प राहिली असती तर काय बिघडलं असतं, असं माझ्या मनात आलं, आणि मग माझीच मला लाज वाटली. दुसऱ्या दिवसापासून ती पहिल्या बसनं जायला लागली. सगळे प्रयोग पुन्हा सुरू झाले.

परवा, कित्येक महिन्यांनी, ती पुन्हा माझ्या शेजारी येऊन बसली आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. पेशीच्या कडेला हिरवा रंग एकसारखा पसरला होता.

"यात ठिपके कुठे आहेत?" मी विचारलं.

"गेले!" तिचे डोळे भरून आले होते. "आता खरंच गेले, काका."