आक्काच्या मळ्यापर्यंत, काईलीतून

कोरेगाव स्टँडवरून विट्याची एसटी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर थर्मास होता. थर्मासात बर्फ आणि बर्फावर फडक्यात गुंडाळलेलं आक्काचं इन्सुलिन. थोरली बहीण माझी, सांगलीकडे कृष्णाकाठच्या गावात दिलेली. पूर चढला, गाव शाळेत हललं, आणि आमची आक्का दोन म्हशींपायी मळ्यातच राहिली! सकाळी फोन आला, "कालपास्नं इंजेक्शन न्हाई रं. घशाला लय कोरड पडतीया." पुढं फोन बंद. तिच्या गावचं औषधाचं दुकान पाण्यात होतं.

कराडकडचा रस्ता बंद होता म्हणून औंध, पुसेसावळी असा वरच्या अंगानं निघालो. गंमत बघा, जसजसं विट्याकडं सरकावं तसतसा पाऊस विरळ होत गेला. डोंगर हिरवे, पण ओढे खडखडीत. चाळीस-पन्नास किलोमीटरवर माणसं कौलांवर बसली होती आणि इथं एक म्हातारा ढगांना शिव्या देत टँकरची वाट बघत होता. रागही येईना आणि हसूही येईना.

विट्यात उतरलो तर पुढची गाडी नव्हती. स्टँडसमोर चहा आणि गरम कांदाभजी घेतली. शेजारी संभाजी नावाचा गडी बसला होता. त्याची तिकडं तमिळनाडूत गलाई (सोनं-चांदी गाळायचं दुकान). गावी सुट्टीवर आला होता.

"काय करता आपण?"

"तीस वर्षं मालवाहू जहाजांवर होतो," मी म्हणालो, आणि माझी ठेवणीतली गोष्ट सुरू झाली. भर समुद्रात वादळात आमचा एक खलाशी लाटेनं जहाजावरून पाण्यात गेला. कुणाचा विचार घेतला नाही, दोर घेतला नाही, मी उडी टाकली. थोड्या वेळानं आम्ही दोघंही वर. ही गोष्ट मी नेहमी तिथंच थांबवतो.

"आयला! काळीज हाय तुमचं!" संभाजी उठलाच. "चला, गाडीवरनं सोडतो तुमाला."

तासगाव ओलांडलं, द्राक्षबागा मागं पडल्या आणि उसाच्या रानात रस्ता एकदम संपला. पुढं नुसतं पाणी. तांबडं, गढूळ, वेगानं चाललेलं. उसाचे शेंडे तेवढे वर. पल्याड उंचवट्यावर आक्काच्या गोठ्याचा पत्रा आणि एक कडुनिंब दिसत होता. बचावाची बोट खालच्या गावांत अडकली होती, इथं यायला उद्याची सकाळ होणार होती. पत्र्यावर काहीतरी पांढरं हललं. आक्काचं लुगडं!

काठावर हौसामावशी उभी होती. सत्तरीची, काटक बाई, गावातलं गुऱ्हाळ हिचं. चार पोहणाऱ्या गड्यांनी तिची काईल (गूळ शिजवायची भली मोठी लोखंडी कढई) पाण्याकडेला आणून ठेवली होती. मला हसूच फुटलं. "मावशी, ह्या कढईत माणूस घालणार?"

"आमच्या सासऱ्यानं ह्यातनं वऱ्हाड न्हेलंय, पावनं," ती म्हणाली. "पर आत्ता न्हाई. थांबा."

थांबा? आक्का तिकडं वाळतेय आणि थांबा? मावशी तर पाचटाच्या (उसाच्या वाळल्या पाल्याच्या) पेंड्या बांधत बसली. एक पेंडी पाण्यात सोडली. ती मळ्याच्या बरीच खालून भिरभिरत नदीकडं गेली. मावशी वर चालत गेली, दुसरी सोडली. तीही गेली. माझा संयम सुटला. त्यात संभाजी सगळ्यांना सांगत सुटला होता, "ह्यांनी समुद्रात उडी मारलीया, समुद्रात! ही नदी काय चीज हाय!" सगळे माझ्याकडं बघायला लागले. झालं! मी सदरा काढला, थर्मास गळ्यात अडकवला.

मावशीनं येऊन थर्मासाचा पट्टाच धरला.

"तुमी बुडला तर कुनाला हुडकायचं आमी? तुमाला का तुमच्या भनीला?"

आमच्या कप्तानानं त्या वादळानंतर मला केबिनमध्ये बोलावून जवळजवळ हेच विचारलं होतं. तेवढ्यात, मी जिथून उडी टाकणार होतो त्याच वाटेनं एक आख्खी बाभळ मुळांसकट वाहत गेली. मी मुकाट सदरा घातला.

तिसरी पेंडी आणखी वरून सोडली. ती हेलकावे खात बरोबर कडुनिंबाला जाऊन टेकली. "हितनं," मावशी म्हणाली. तिनं कृष्णामाईला हळदकुंकू वाहिलं, नारळ दिला. चौघा गड्यांनी कमरेला ट्यूबा बांधल्या, काईल पाण्यात लोटली आणि चार बाजूंनी कड धरली.

मी आत चढलो आणि सवयीनं पुढं, नाकाशी जाऊन बसलो. काईल अशी कलली की घमेलंभर पाणी आत!

"आवं मधी बसा, मधी!" गडी ओरडले. मावशी काठावरून म्हणाली, "पावनं, काईलीला पुढची बाजू नसती!"

सगळा काठ हसला. मी बूड सरकवत मधोमध आलो, थर्मास छातीशी धरला आणि तीस वर्षांचा खलाशी जीव मुठीत धरून बसला. खरं सांगतो, वादळात एवढा घाबरलो नव्हतो. काईल गरागरा फिरत होती. काठ, ऊस, आभाळ, पुन्हा काठ. धारेत शिरल्यावर एका गड्याचा हात सुटला, बाकीच्या तिघांनी हाका देऊन तोल धरला, त्यानं दोन हात मारून पुन्हा कड गाठली. कुणी शूरपणा केला नाही. जो तो आपली बाजू धरून होता. आणि कडुनिंब आपणहून जवळ आला.

आक्का पत्र्यावरून खाली उतरली ती चिडूनच. चेहरा सुकलेला, ओठ फाटलेले. "कुनी बोलावलं हुतं तुला पाण्यातनं?" म्हणाली आणि माझा हात घट्ट धरला. बर्फ अजून पुरता विरघळला नव्हता. तिनं सराईतपणे सुई भरली, टोचून घेतली. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"म्हशींबिगर मी येनार न्हाई," लगेच दुसरा हट्ट.

एक गडी हसला. "आक्का, दावी तर सोडा."

दावी सोडली, आक्का काईलीत माझ्याशेजारी बसली. दोन्ही म्हशी निवांत पाण्यात उतरल्या, नाकं वर धरली आणि आमच्या काईलीच्या मागून पोहत आल्या. धार ओलांडल्यावर त्यांनी आम्हाला मागं टाकलं. काठावर आधी म्हशी पोचल्या, मग आम्ही. असा काय गलका उठला! संभाजी शिट्ट्या मारत होता. मावशीनं आक्काच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग तिला पोटाशी धरलं. शाळेत आम्ही सगळ्यांनी पिठलं-भाकरी खाल्ली. आक्कानं अर्धीच भाकरी खाल्ली, पण तोंडाचा पट्टा मात्र पूर्ववत सुरू झाला होता. डॉक्टरांनी येऊन तिला तपासलं आणि धोका टळल्याचं सांगितलं.

पूर ओसरल्यावर कोरेगावला परतलो. पारावर मित्रांनी आधी काईलीची हकीकत ऐकली, दोनदा ऐकली. मग एक जण म्हणाला, "पर तुजी ती समुद्रातली उडी, तिची सर ह्याला न्हाई गड्या."

मी ती गोष्ट पुन्हा सांगितली. वादळ, लाट, उडी, सगळं तसंच. फक्त या वेळी तिथं थांबलो नाही. सांगितलं की, त्या खलाशाच्या अंगात तरंगायचं जाकीट होतं, माझ्या नव्हतं. बोट येईपर्यंत त्यानंच मला धरून ठेवलं होतं.