होडीच्या देवीची ओटी

टोकियोतल्या आमच्या ओजिमात मराठी घरं मोजकीच, पण किस्से विचारू नका! प्रत्येक स्वयंपाकघरात ती एक पिशव्यांची पिशवी असते ना, तसं आहे हे. आपण मुद्दाम काही साठवत नाही, ती आपोआप फुगत जाते. मग एक पिशवी ओढायला जावं तर मागोमाग दहा बाहेर. परवा नव्याने राहायला आलेल्या एका जोडप्याने सहज विचारलं, "खाली सायकल स्टँडमध्ये ती होडी कुणाची हो?" झालं! माझा चहा गार झाला आणि वरती त्यांच्या मशीनमधले कपडे आंबले.

होडी नीलमची. नीलम तांडेल, आमच्याच बिल्डिंगमध्ये सातव्या मजल्यावर राहते. तिचा नवरा हेमंत माझ्या टीममध्ये आहे. दोघंही अलिबागकडच्या कोळीवाड्यातले. मी पुण्याची, मला पोहतासुद्धा येत नाही, त्यामुळे या विषयावर माझं मत कुणी विचारलं नव्हतं. तरी मी दिलं! होडी घ्यायचीच, असं माझं पहिल्या दिवसापासून म्हणणं होतं, आणि ज्यांना पटत नव्हतं त्यांची तोंडं मी एकेक करून पाहिली आहेत.

*

पहिलं तोंड कुलकर्णीदादांचं. दादा आमच्यातले सगळ्यात जुने. कचरा कुठल्या वारी कुठला टाकायचा इथपासून मुलांच्या शाळेपर्यंत सगळ्यांना सल्ला देतात, मागितला नाही तरी.

माझ्याकडे हळदीकुंकू होतं. बायका तिळगूळ खात होत्या आणि आपापली खरेदी सांगत होत्या. कुणी बांगड्या करून घेतल्या, कुणी वाकडला फ्लॅट बुक केला. नीलम शांतपणे म्हणाली, "मी होडी घेतेय. सेकंड हँड."

कोपऱ्यात बायकोची वाट बघत बसलेले कुलकर्णीदादा मोठ्याने हसले. "होडी? आता काय होडीने ऑफिसला जाणार?"

"ऑफिसला नाही हो दादा," नीलम म्हणाली, "ऑफिसपासून लांब जायला!"

दादांनी तिळगूळ घेतला, पण गोड काही बोलले नाहीत.

*

आता हिला होडीचं एवढं वेड का, तर ऐका. नीलमचे वडील नाखवा. घरची होडी. भाऊ चड्डीत असल्यापासून वडिलांबरोबर होडीत. ही किनाऱ्यावर पाटी घेऊन उभी. वल्हं हातात घेतलं की आजी ओरडायची, "ठेव ते! आपल्यात बायका होडीत बसत नाहीत!" मासळी विकायची, हिशोब करायचा, जाळं शिवायचं, घर चालवायचं, सगळं बाईने. फक्त होडीत पाय ठेवायचा नाही. मग लग्न झालं, तर सासूबाईही त्याच गावच्या आणि त्याच मताच्या. मग जपान. आधी जेवणाचे डबे भरायच्या कारखान्यात पार्टटाइम, मग जपानी शिकून एका ऑफिसात अकाउंट्सचं काम. आणि आमच्या बिल्डिंगच्या मागे वाहते नदी, संथ, ताटात वाढल्यासारखी! रविवारी लोक तिच्यात आरामात वल्ही मारतात. नीलम सात वर्षं गॅलरीतून ते बघत होती. तुम्ही असता तर काय केलं असतं?

मी तर त्याआधीच जीव खाल्ला असता सगळ्यांचा.

*

होडी मिळाली एका ॲपवर. विकणारे ओनोदेरा-सान, सेंदाईच्याही पुढे समुद्रकाठच्या एका गावातले, वय झालेले मच्छीमार. फायबरची छोटी होडी, इंजिन नाही, त्यामुळे लायसन्सची भानगड नाही. जपानी माणूस जुनी वस्तू विकतो म्हणजे काय, ते अनुभवल्याशिवाय कळत नाही! आपल्याकडे 'एकदम नव्यासारखी' लिहून मोकळे होतात. यांनी प्रत्येक ओरखड्याचा वेगळा फोटो पाठवला, शेजारी मापाला नाणं ठेवून. एका ओरखड्याखाली लिहिलं होतं, 'हा माझ्या मेव्हण्याने पाडला. त्याबद्दल क्षमस्व.'

नीलमने घासाघीस सुरू केली. हेमंत घामाघूम. "अगं, इथे भाव करत नाहीत!"

"विचारायला काय जातंय?"

ओनोदेरा-साननी नम्रपणे लिहिलं, किंमत कमी होणार नाही, पण वल्ही बरोबर देतो. नीलमने परत विचारलं. किंमत तीच, पण दोर देतो. परत विचारलं. वाळवलेलं समुद्री शेवाळ देतो. परत विचारलं. बायकोने घातलेलं मुळ्याचं लोणचं देतो.

हेमंतने शेवटी तिच्या हातातून फोन काढून घेतला. "आता बास! नाहीतर ते घर लिहून देतील!"

*

"न बघता होडी घेतात का कुणी?" कुलकर्णीदादा लिफ्टमध्ये भेटले तेव्हा म्हणाले. "फसवतील!"

"हेमंतला मी कांदेपोह्यांच्या दिवशी अर्धा तास पाहिलं होतं," नीलम म्हणाली. "होडी महिनाभर बघतेय. बोला!"

तरी खात्री करायला तिने व्हिडिओ कॉल लावला. म्हणाली, होडी रात्रभर पाण्यात राहू द्या, आत कोरडं पीठ भुरभुरा, गळत असेल तर सकाळी ओली रेघ दिसेल. तिचे वडील असंच करायचे. ओनोदेरा-सानच्या घरात टेम्पुराचं, म्हणजे जपानी भज्यांचं पीठ होतं, त्यांनी तेच भुरभुरलं. सकाळी पाहतात तो पीठ गायब! होडी कोरडी ठणठणीत, आणि काठावर एक मांजर मिशा चाटत बसलेलं.

ओनोदेरा-सान खूश झाले. परत कॉल करून नीलमशेजारी बसलेल्या हेमंतकडे बघून म्हणाले, "तांडेल-सान, तुम्हाला होडीतलं बरंच कळतं!"

"मला?" हेमंत दचकला. "मला बोट लागते!"

आणि ते खरं आहे. कोळ्याच्या पोटी जन्मलेला हा माणूस, आमच्या ऑफिसच्या ट्रिपला तळ्यातल्या पेडलबोटीत हिरवा पडला होता. म्हणूनच तो कॉम्प्युटरला गेला.

"मग वल्हवणार कोण?" ओनोदेरा-साननी विचारलं.

"मी," नीलम म्हणाली.

समोरचा चेहरा हसरा होता, तो तसाच राहिला. पण कॉल घाईने बंद झाला.

*

संध्याकाळी मेसेज आला. इतका सभ्य, की तिसऱ्यांदा वाचल्यावर कळलं हा नकार आहे. होडीत एक देवी वसते. ती बाई आहे. तिला होडीत दुसरी बाई चालत नाही, ती रागावते, माणसं बुडतात. ही होडी बाईला विकली तर झोप लागणार नाही. अत्यंत दिलगीर आहे.

नीलम आधी हसली. खूप हसली. मग माझ्या सोफ्यावर बसून रडायला लागली. "समुद्र ओलांडून आले गं वैशू! आणि हे वाक्य माझ्याआधी इथे येऊन बसलंय!"

मला असा संताप आला म्हणून सांगू! हेमंत बिचारा म्हणाला, "माझ्या नावावर घेऊ. मी वल्हवतो असं सांगू. त्यांना काय कळतंय?" कुलकर्णीदादांचंही तेच. सासूबाईंना अलिबागला फोन गेला, तर त्या म्हणाल्या, "बघ! जपानच्या देवालापन कलतं!"

नीलमने डोळे पुसले. "खोटं सांगून नाही घ्यायची. बाई आहे म्हणून सांगून घ्यायची. नाहीतर तिकडे किनाऱ्यावर उभी होते तशीच इथे उभी राहीन!"

"पण ती देवी?" हेमंत म्हणाला.

"देवी बाई आहे ना? मग बाईचं कसं करायचं ते मला माहीत आहे."

*

तिने देवीची ओटी भरली. आता हे फक्त आपलीच बाई करू जाणे! इंडियन दुकानातून नारळ आणला, खण तिच्याकडे होता, तांदूळ, हळकुंड, सुपारी, हळदीकुंकवाच्या पुड्या आणि हिरव्या बांगड्या. सगळं खोक्यात नीट बांधलं आणि वर जपानीत चिठ्ठी लावली: 'हे तुमच्यासाठी नाही. देवीसाठी आहे. तिला विचारून कळवा.'

कोनबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या त्या चोवीस तासांच्या दुकानात, पार्सल द्यायला मीही गेले होते. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "आत काय आहे?"

"देवीसाठी कपडे, दागिने आणि एक फळ."

मुलीने मान डोलावली. तिला ट्रेनिंगच तसं असतं, कशालाच दचकायचं नाही. "नाजूक वस्तू आहे का?"

"बांगड्या नाजूक आहेत," नीलम म्हणाली. "देवी मजबूत आहे!"

*

नंतर काहीच नाही. ना मेसेज, ना फोन. कुलकर्णीदादा म्हणाले, "घाबरले असतील. जादूटोणा वाटला असेल." मी त्यांना माझ्या घरच्या चहातून कायमचं काढून टाकायची धमकी दिली. नीलम मात्र रोज रात्रीची भांडी आवरून गॅलरीत उभी राहायची आणि नदीकडे बघायची. तेव्हा तिच्याशी काही बोलायला मला नको वाटायचं.

मग एका दुपारी तिच्या ऑफिसात फोन. ओनोदेरा-सान स्वतः. आधी त्यांनी विचारलं की ते कडक केसाळ फळ उघडायचं कसं, सुरी वाकली. मग घसा खाकरला.

"देवी काय म्हणाली ते मला ठाऊक नाही, तांडेल-सान. माझी बायको काय म्हणाली ते ठाऊक आहे. आम्ही रविवारी होडी घेऊन येतो."

नीलमने ऑफिसातच किंकाळी मारली. तिचे साहेब भूकंपाच्या सवयीने टेबलाखाली!

*

आता ठेवायची कुठे? आमची बिल्डिंग सरकारी वसाहतीतली, तिथे प्रत्येक गोष्टीला नियम. सोसायटीच्या ऑफिसातल्या काकांनी जाडजूड नियमावली काढली. सायकल होती, मोटारसायकल होती, बाबागाडी होती.

"होडीचा नियम नाही," ते खेदाने म्हणाले.

"म्हणजे मनाईचाही नाही," नीलम म्हणाली.

काका बराच वेळ छताकडे बघत बसले. इथे माणूस छताकडे बघून तोंडाने वारा ओढायला लागला की समजायचं काम होत नाही. मी भांडायची तयारी करून बाह्या सरसावल्याच होत्या. काकांनी टेबलाचा खण उघडला आणि सायकलला लावतात तो स्टिकर काढून तिच्या हातावर ठेवला. "पुढे दिसेल असा चिकटवा. आणि घंटी असेल तर बरं."

*

रविवारी ते आले. छोट्या ट्रकच्या मागे होडी, जुन्या गोधड्यांत गुंडाळलेली. कुरिअरवर विश्वास नाही म्हणून म्हाताऱ्याने एवढ्या लांबून स्वतः चालवत आणली. शेजारी त्यांची बायको. ठेंगणी, गप्प, थेट वाकून नमस्कार. बाही मागे गेली तेव्हा मनगटावर हिरव्या बांगड्या दिसल्या. नीलम बघतच राहिली.

आमची अख्खी गँग नदीवर. हेमंत पाण्यापासून सुरक्षित अंतरावर. कुलकर्णीदादाही आले होते, होडी बुडाली तर बघायला. अलिबागहून सासूबाई व्हिडिओ कॉलवर, आणि फोन धरायची ड्यूटी माझ्याकडे. माझी मुलगी जपानीत मैत्रिणीला सांगत होती, "नीलम मावशी भारी आहे!" मराठीत कधी एवढं कौतुक करत नाही कार्टी.

नीलमने होडीच्या टोकाला हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला. सासूबाई फोनमधून करवादल्या, "अजून सांगते, हेमंतला बसव! आपल्यान बायका होरीन बसत नाय!"

नीलमने फोनकडे पाहिलं. "आई, बसले!"

आणि बसली. वल्ही हातात घेतली. ओनोदेरा-साननी तोंड आंबट करून दोर सोडायला घेतला. तेवढ्यात त्यांच्या बायकोने बूट काढले. काठावर जोडून ठेवले, टोकं बाहेरच्या बाजूला, जपानी घरात शिरताना ठेवतात तसे. आणि शांतपणे होडीत पाय टाकून नीलमच्या समोर जाऊन बसली.

ओनोदेरा-सानच्या हातातला दोर तसाच राहिला. "उतर! उतर आधी! एवढ्या वर्षांत कधी बसलीस का? ती रागावेल!"

बाई मागे वळलीसुद्धा नाही. बांगड्या सारख्या केल्या. "तुम्ही नका काळजी करू. आम्ही तिघी बोलून घेऊ."

आणि नीलमला म्हणाली, "चला."

नीलमने पहिलं वल्हं मारलं. काय मारलं! कुणी कधी शिकवलं नव्हतं, पण होडी सुरीसारखी सरकली. म्हाताऱ्याने खाली वाकून बायकोचे बूट उचलले आणि छातीशी धरून काठाने चालायला लागले. त्यांच्या मागे हेमंत. कुलकर्णीदादा टाळ्या वाजवत होते, मी स्वतः पाहिलं.

फोनमधून सासूबाईंचा हळूच आवाज आला, "ती म्हातारी काय बोलली गो?"

मी सांगितलं.

होडी पुलाखाली गेली, पलीकडून दोघींचं हसणं ऐकू आलं.

"फोन जरा पुढं धर," सासूबाई म्हणाल्या. "अजून पुढं. मना नीट बघू दे... तिसरी मावंल का गो त्यान?"