पाण्याच्या चवीचा दावा

हेडमास्तरांनी घोट तोंडात घेतला, क्षणभर थांबले आणि खिडकीतून बाहेर थुंकले.

"या मटक्याले कोणाचा हात लागला?"

स्टाफरूममधले सगळे माझ्याकडे बघायला लागले. नोकरीला लागून मला महिनाही झाला नव्हता. मध्य प्रदेशातल्या सौंसरजवळच्या एका खेड्यातली शाळा. मी रोज पांढुर्ण्याहून बसनं यायचे. माझे बाबा संत्र्याच्या पेट्या ठोकायचे. घरात पहिली ग्रॅज्युएट मी, पहिली पगारी नोकरीही माझीच. तहान लागली म्हणून मी मटक्यातून पाणी घेतलं होतं.

"मी जात-पात मानत नाही," हेडमास्तर म्हणाले. "मनावर घेऊ नको बाई. पण तुमच्या लोकांचा हात लागला का पाण्याची चव बदलते. माह्या जिभेले समजते, त्याले मी काय करू?"

शिपायानं मटका अंगणात कण्हेरीच्या बुडाशी ओतला. सहावीची पोरं व्हरांड्यातून पाहत होती. मी त्यांना गणित शिकवायचे.

माझ्या तोंडून निघालं, "चुकलं सर."

त्या आठवड्यात मी साबणानं हात धुतले. राखेनं धुतले. बोटं नाकाशी धरून वास घेतला. घरी दोन गिलास भरले, एक मी, एक दुसऱ्या जातीच्या शेजारणीनं, आणि डोळे मिटून चव घेत बसले. फरक लागला नाही. तरी वाटलं, आपली जीभच तशी असेल. आपल्याला कसं कळणार?

रविवारी पांढुर्ण्यातच आमच्या कॉलेजातल्या सांख्यिकीच्या सरांकडे गेले. या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत. पुस्तक विकत घ्यायची ऐपत नव्हती, तेव्हा त्यांनी स्वतःचं पुस्तक दिलं होतं. हिंदी पुस्तक. 'परिकल्पना परीक्षण', म्हणजे दावा तपासायची रीत, हा धडा मी पाठ केला होता आणि मार्कही चांगले मिळवले होते. समजला मात्र नव्हता.

"सर, मला सिद्ध करायचं आहे, माझ्या हातानं पाणी बदलत नाही."

सर संत्रं सोलत होते. "शून्य परिकल्पना सांग."

"हात लागला की चव बदलते."

सरांनी संत्रं खाली ठेवलं. "काय शिकून राहिली होती तू माह्यापाशी? हे तर त्याचं म्हणणं झालं! शून्य म्हणजे काहीच फरक नाही. सुरुवात तिथून होते. फरक आहे म्हणते त्यानं पुरावा आणावा. तू कायले शोधून राहिली पुरावा?"

मी तिथेच जमिनीवर बसले. धडा मला तेव्हा समजला. पाठ करून जे कळलं नव्हतं ते कळलं. जन्मापासून मी त्यांचा दावा शून्याच्या जागी मांडून ठेवला होता. माझ्या आईनंही. तिच्या आईनंही. आणि तो खोडायला आम्ही स्वतःला घासत बसलो होतो.

सरांनी परीक्षा कशी घ्यायची ते समजावलं. आठ गिलास. चार माझ्या हातचे, चार दुसऱ्याच्या. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवायचा. चाखणाऱ्याला दिसता कामा नये, नेऊन देणाऱ्यालाही माहीत नको. नुसत्या अंदाजानं आठही ओळखणं सत्तरात एकदा घडतं.

"अन् अट आधी ठरव," सर म्हणाले. "निकाल पाहून अट ठरवते तो बेइमान."

सोमवारी मधल्या सुट्टीत मी सगळ्यांसमोर म्हणाले, "सर, तुम्ही जात मानत नाही. मग जिभेवर पाणी ठेवून माझ्या हातचे गिलास ओळखायला हरकत नसावी."

हिंदीच्या मॅडम हसल्या. "होऊन जाऊ द्या सर! जिभेची एवढी तारीफ करून राहिले तुम्ही."

जात मानत नाही म्हणालेला माणूस आता नाही कसा म्हणणार?

"अन् ओळखलं तर?" त्यांनी विचारलं.

"राजीनामा देते."

सत्तरात एकदा. घरात दुसरा पगार नव्हता, हे मला माहीत होतं.

"एक जरी चुकलात तर मी याच मटक्यातून पिणार. रोज, तुमच्यासमोर. आठच्या आठ, सर."

"आठ काय, ऐंशी आण."

शेजारच्या वर्गात एकाच बादलीतून मी चार गिलास अर्धे भरले, बोटं बुडवून. बाकीचे चार मॅडमनी तसेच भरले. बुडाला नावाच्या चिठ्ठ्या चिकटवून त्यांनी सोडत काढून क्रम लावला. शिपायानं ट्रे नेला. चार माझे आहेत, एवढंच हेडमास्तरांना सांगितलं.

त्यांनी चार चाखून माझे म्हणून थुंकले. उरलेले चार ऐटीत रिकामे केले. मिशी पुसली.

मॅडमनी गिलास उचलून बुडाच्या चिठ्ठ्या वाचल्या. आठातले सहा बरोबर.

"पाहा! सहा ओळखले! मानलं सर तुम्हाले!" एक मास्तर ओरडले. टाळ्या वाजल्या. क्षणभर मलाही वाटलं, खरंच असेल.

मग मी खडू घेतला. फळ्यावर हिशोब मांडला. "डोळे मिटून निवडलं तरी सहा किंवा त्याहून जास्त बरोबर येणं सत्तरात सतरा वेळा घडतं. म्हणजे चारात जवळपास एकदा. यात जीभ कुठे आली? आणि अट आठची होती."

टाळ्या थांबल्या.

मी एक रिकामा गिलास उचलला. "हा माझा, सर. बोटं बुडवून भरला होता. तुम्ही सगळा प्यायलात. गोड लागला?"

ते अंगणात धावले आणि घशात बोट घातलं. व्हरांड्यात पोरं उभी होती. मी पाहत राहिले. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. ते लपवायचं मला कारण नाही.

त्या दिवसापासून मी त्या मटक्यातून प्यायले. ते घरून बाटली आणायला लागले. पुढच्या सत्रात माझी बदली झाली, तिगावकडे. कारण कागदावर वेगळं होतं.

सांख्यिकीचे सर म्हणाले, "एका परीक्षेनं एवढंच म्हणता येते का दावा सिद्ध झाला नाही. दावा खोटा आहे असं नाही म्हणता येत."

सरांचं बरोबर आहे. शास्त्र तिथे थांबतं. मी शास्त्राइतकी सभ्य नाही. तो दावा खोटा होता आणि तो करणाऱ्याला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही.

या नव्या शाळेतही असा एक मास्तर आहे. अजून बोललेला नाही, पण माझ्यानंतर नळाची तोटी धुतो. ज्या दिवशी तो तोंड उघडेल, त्या दिवशी मी त्याला पोरांसमोर खुर्चीवर बसवीन. अट फळ्यावर आधी लिहीन. आणि चुकला की निकाल पूर्ण वाचून होईपर्यंत त्याला अंगणात जाऊ देणार नाही.