मी न ठेवलेलं हळदीकुंकू

नव्वदच्या दशकात आम्ही मल्लेश्वरममध्ये राहत होतो. माझं माहेर पुण्याचं, सासर मात्र पिढ्यानपिढ्या बेंगळुरूचं. सासूबाईंच्या मराठीत बरंच कन्नड मिसळलेलं असे. सत्तरी उलटली तरी त्यांचा एक नेम चुकत नव्हता. रोज सकाळी एकटीनं चालत बाजारात जायचं, भाजीवालीशी मनसोक्त हुज्जत घालायची आणि पिशवी भरून परत यायचं. मग रोज संध्याकाळी बाजारातल्या बातम्या आम्हाला ऐकाव्या लागत.

पण अर्ध्या तासाच्या या फेरीला हल्ली त्यांना दोन तास लागू लागले. नवरा धास्तावला. आई रस्त्यात कुठेतरी पडणार असं त्याच्या मनानं घेतलं आणि सोमवारपासून भाजी आपण आणणार, आईनं घरी बसायचं, असं त्यानं जाहीर करून टाकलं. त्या दिवशी सासूबाई नीट जेवल्या नाहीत. मला फार वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर त्याचं म्हणणं मला पटलंही होतं.

त्याच शुक्रवारी संध्याकाळी मी बँकेतून येऊन नुकताच चहा ठेवला होता, तेवढ्यात बेल वाजली. दारात चार घरं पलीकडची शेजारीण. रेशमी साडी, केसांत मोगरा. हळदीकुंकवाला आले, म्हणाली. कुणाच्या, असं विचारणार तोच तिच्या मागे आणखी तिघी दिसल्या. सहा वाजेपर्यंत आमच्या दिवाणखान्यात सतरा बायका बसल्या होत्या. प्रत्येकीला सासूबाईंनी स्वतः घरी जाऊन आवतण दिलं होतं. सुनेनं चैत्राचं हळदीकुंकू ठेवलंय, नक्की या.

त्या सुनेच्या अंगावर दिवसभराची चुरगळलेली साडी होती आणि घरात ना कैरी, ना भिजवलेले हरभरे. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. नवऱ्याला फुलं-केळी आणायला पिटाळलं आणि सासूबाईंना स्वयंपाकघरात गाठलं. त्या ओट्याला टेकून खाली मान घालून उभ्या होत्या.

"अगं, गुडघे दुखले की स्वल्प बसावं लागतं," त्या म्हणाल्या. "इथपासून बाजारापर्यंत बूड टेकायला जागा नाही. ज्याच्या त्याच्या कंपाउंडवर काचा. दमले म्हणून कुणाच्या घरात शिरू? आमंत्रण द्यायला आले म्हटलं की खुर्ची मिळते, पाणी मिळतं."

आमच्या कंपाउंडवरच्या काचा मीच बसवून घेतल्या होत्या, पोरं बसून गप्पा मारतात म्हणून. राग कुठल्या कुठे पळाला आणि मला भयंकर लाज वाटली.

पाणी मागायला आत आलेल्या समोरच्या अक्कांनी हे सगळं ऐकलं. त्या सासूबाईंच्याच वयाच्या. आधी त्या पोट धरधरून हसल्या, मग कन्नडमध्ये म्हणाल्या की, मी दर आठवड्याला तुमच्याकडे कढीपत्ता मागायला येते ना, माझ्या परसात कढीपत्त्याचं भलंमोठं झाड आहे. ही कबुली त्यांनी बाहेर जाऊनही दिली. मग काय, एकेकीला कंठ फुटला. एक जण देवळातून येताना रोज एका घरी किती वाजले ते विचारायची, आणि तिच्या मनगटावर घड्याळ असायचं. हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. कुणीतरी घरून कोसंबरीचं, म्हणजे भिजवलेल्या डाळीच्या कोशिंबिरीचं, पातेलं आणलं, मी साखर वाटली, आणि हळदीकुंकू झकास पार पडलं. प्रत्येकीनं आपल्या फाटकाबाहेर बसायला काहीतरी ठेवायचं, हे उठायच्या आधीच ठरलं.

रविवारी आमच्या रस्त्यावर कुठे दगडी फरशी आली, कुठे शाळेतलं जुनं बाक, कुठे वेताची खुर्ची. नवऱ्यानं हातोडीनं आमच्या काचा फोडून काढल्या आणि फाटकाशी कडाप्प्याची लादी बसवली. बोटाला दोन ठिकाणी कापून घेतलं, पण कुरकुर केली नाही.

सोमवारी त्यानं भाजीची पिशवी आपणहून आईच्या हातात दिली. त्या दिवशी सासूबाई तीन तासांनी परतल्या. नवरा ऑफिसला न जाता फाटकात उभा होता. काय झालं, गुडघे फार दुखले का, असं त्यानं घाबरून विचारलं.

"दुखतंय कुठलं रे," पिशवी त्याच्याकडे देत त्या म्हणाल्या, "आता प्रत्येकीनं माझ्यासाठी जागा केलीय. एकीकडे बसायचं आणि दुसरीकडे नाही, हे बरं दिसतं का?"