ओल कुठल्या भिंतीला येते?

आमच्या शेजारच्या मावशी दारात कुणी आलं की आधी त्याच्या पायांकडे बघतात, तोंडाकडे नंतर. "पाय पुसून या हं," हे त्यांचं स्वागत. त्यामुळे अख्खी गल्ली त्यांना पायपुसणं मावशी म्हणते, अर्थात त्यांच्या माघारी. हे नाव ठेवलं कुणी, असं त्यांनी मला एकदा डोळे बारीक करून विचारलं होतं. मी म्हटलं, लोकांना काही उद्योग आहेत का, मावशी!

मावशींचे यजमान तळ्याकाठी पर्यटकांचे फोटो काढायचे. नव्या जोडप्यांना "अजून जवळ, अजून जवळ, लाजू नका" असं सांगण्यात त्यांची हयात गेली. पुढे ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा आला, जोडपी आपापली जवळ येऊ लागली आणि यजमान घरी बसले. काही वर्षांनी गेलेही. मूलबाळ नव्हतं. मावशींनी पदर खोचला, खालच्या दोन खोल्या रंगवल्या आणि फाटकावर 'खोल्या मिळतील' अशी पाटी लावली.

तेव्हापासून त्यांची एक वेगळीच भाषा तयार झाली. त्या भाषेत "चोवीस तास पाणी" म्हणजे चोवीस तासांत कधीतरी येणारं पाणी. "खिडकीतून तळं दिसतं" हेही खोटं नाही, फक्त त्यासाठी खुर्चीवर चढून मान डावीकडे काढावी लागते. पलंगावर त्या टॉवेलचा हंस करून ठेवतात. तो हंस आहे की बसकी टोपी, यावर पाहुण्यांमध्ये दोन तट पडतात. पण पाहुणे परत येतात, कारण चादर इतकी स्वच्छ असते की तिच्यावर बसायची भीती वाटावी.

एकट्या मावशीच कशाला, गावात ज्याला त्याला पाहुण्यांचा नाद. आमच्या गल्लीत आम्ही आणि मावशी सोडून बाकीच्या घरांचे मालक कधीच मोठ्या शहरांत जाऊन बसलेत. सीझन संपला की संध्याकाळी दिवे दोनच, एक त्यांचा आणि एक आमचा. विरजण मागायला जावं तर दाराला कुलूप. आणि पाहुण्यांबद्दल बोलून तरी काय हाती लागणार? कोण कुणाची कोण याचा पत्ता लागेस्तोवर माणसं बॅगा भरून गाडीत. एखाद्याच्या घरातली भानगड नीट समजून घ्यायची तर माणूस निदान वर्षभर समोर राहायला हवा.

अशात आमचा गीझर बिघडला आणि गीझरवाला आला. बाजाराच्या टोकाला त्याचं छोटं दुकान आहे. गावातला असा एक गीझर नाही जो त्याने उघडला नसेल. सगळ्या पाहुण्यांना कढत पाणी याच्या जिवावर, आणि हा स्वतः दुकानामागच्या नळाखाली कुडकुडत अंघोळ करणार! कारण त्याला कुणी घरच देत नव्हतं. "सीझनपर्यंत राहा की खुशाल," सगळे म्हणायचे. सीझन आला की याचं बिऱ्हाड परत दुकानात, जुन्या टाक्यांच्या मधे. बायको आणि मुलगी बायकोच्या माहेरी.

"वहिनी, यंदा मुलगी पहिलीत जाणार," आमच्या बाथरूममध्ये स्टुलावर उभा राहून तो म्हणाला. "बायकोने निर्वाणीचं सांगितलंय. शाळेत नाव इथे घालायचं की तिथे, ते या महिन्यात सांगा. तिथे घातलं की ती तिथेच राहणार. मग मी आपला सणासुदीचा बाप."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? म्हटलं, बघतो."

"बघतो म्हणे! नवरे मंडळींना दुसरं काही शिकवतच नाहीत का?"

हातातलं काम टाकून मी त्याला तसाच मावशींकडे नेला. मावशींनी त्याचे पाय बघितले, मग तोंड, आणि म्हणाल्या, "वर्षाची माणसं मी ठेवत नाही. सीझन बुडतो."

हे सांगण्यापुरतं कारण. खरं कारण मला ठाऊक आहे. पूर्वी त्यांच्याकडे एक शिक्षिका राहायची, चांगली चार वर्षं. दोघी एकत्र चहा प्यायच्या, एकत्र कुरकुरायच्या. तिची बदली झाली, आणि त्यानंतर कितीतरी दिवस मावशी सकाळी दोन कप चहा टाकायच्या आणि दुसरा मला हाक मारून द्यायच्या. मी प्यायचे, पण मी काही ती नव्हते. तेव्हापासून त्यांनी ठरवलं, फक्त पाहुणे. पाहुणा गेला की चादर बदलायची, विषय संपला.

"देऊ नका हो," मी म्हटलं, "नुसत्या दाखवायला काय जातंय? त्याची बायको येऊन बघून जाईल."

खोल्या दाखवायला मावशींना नाही म्हणवत नाही. नटाला रंगमंच दाखवावा तसं होतं त्यांचं.

रविवारी गीझरवाला बायको-मुलीला घेऊन आला. बायको सडपातळ, मुकाट. दारात येताच तिने न सांगता पाय पुसले, मुलीचेही पुसले. मावशींचं तोंड उघडलं होतं ते तसंच मिटलं. पण लगेच सावरून त्यांनी पाठ केलेलं सुरू केलं. "या मॅडम. ही खिडकी, तळं दिसतं. हे पडदे, नवीन आहेत. हवा तर काय, एसीची गरजच नाही." मुलीने हंसाकडे बोट दाखवून "कासव" म्हटलं. मी खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

बायको तळं बघायला खिडकीशी गेलीच नाही. ती भिंतीवर तळहात ठेवत ठेवत मागच्या खोलीपर्यंत गेली. "मावशी, पावसात ओल कुठल्या भिंतीला येते?"

"ओल? छे! आमच्याकडे ओल नाही हं, मॅडम."

बायकोने हात काढला. तळव्याला पांढरा चुना लागला होता, ओलसर. गीझरवाला जमिनीकडे बघू लागला. मी मनात म्हटलं, बोंबललं सगळं.

"आहे म्हणूनच विचारलं," बायको हळूच म्हणाली. "म्हणजे कपाट कुठे ठेवायचं नाही ते आत्ताच कळेल. आणि पावसात कपडे कुठे वाळतात? मुलीला अभ्यासाला बसायला उजेड कुठे बरा?"

मावशी तिच्याकडे बघतच राहिल्या. इतक्या वर्षांत पाहुण्यांनी त्यांना वायफायचा पासवर्ड विचारला होता, जेवायला चांगलं कुठे मिळतं ते विचारलं होतं, परतीची बस विचारली होती. या घरात राहायचं कसं, हे कुणी विचारलं नव्हतं.

"ही भिंत," त्या म्हणाल्या. "आणि ती कोपऱ्यातली. दोन्ही गळक्या मेल्या. कपडे जिन्याखाली वाळतात, तिथे वारा येतो. ये इकडे." बघता बघता मॅडमची तू झाली! मग मावशींनी घर दुसऱ्यांदा दाखवलं, खरंखुरं. हा नळ उलटा फिरतो. ही कडी उचलून लावायची, ओढायची नाही. वारा फिरला की गटाराचा वास येतो, तेव्हा ही खिडकी बंद. उजेड सकाळी इथे आणि दुपारनंतर तिथे, म्हणजे पोरीचं टेबल सरकतं ठेवायचं. "आणि ही," माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "हिच्या बाथरूमची खिडकी आपल्याकडे उघडते. ही पाणी न सोडता तासभर आत असते. काय ते समजून घे."

"मावशी!" मी म्हटलं.

"काय मावशी? घरातले सगळे दोष सांगतेय, तू कशी सुटशील?"

बायको पहिल्यांदाच हसली. मावशी नाही हसल्या. पलंगाच्या कडेवर, आपल्याच कडक चादरीवर त्या बसल्या आणि पाहुण्यांना विचारतात तेच विचारलं, "किती दिवस राहणार?"

"शाळा इथे दहावीपर्यंत आहे ना?"

मावशींनी बोटांवर वर्षं मोजायला घेतली आणि मधेच सोडून दिली. मग एकदम म्हणाल्या, "आणि मधेच सोडून गेलीस तर?"

गीझरवाला घाईघाईने म्हणाला, "नाही हो मावशी, आम्ही कुठे जातो!" बायकोने त्याला नजरेनेच गप्प केलं.

"ते कसं सांगू, मावशी? उद्याचं कुणाला माहीत. पण गेलो तर आधी सांगून जाऊ, पत्ता देऊन जाऊ."

"तरी मला रडू येणारच."

"मग दोघी मिळून रडू."

मावशींनी डोळ्यांना पदर लावला, नाक पुसलं, आणि उठून हंसाची घडी मोडून टॉवेल झटकला. "सामान कधी आणताय? सोमवारी आणा. उद्याच आणा. आज रविवार आहे का? मग उद्याच सोमवार की."

संध्याकाळी गीझरवाला आमच्या दारात आला. म्हणाला, "वहिनी, तुमचे उपकार..."

"उपकार कसले? माझी सोय झाली," मी म्हटलं, आणि ते शब्दशः खरं होतं.

आता सीझन ऐन भरात आहे. लोक फाटकाशी येऊन खोली विचारतात, मावशी ऐटीत म्हणतात, "माणसं राहतात." पाटी अजून काढलेली नाही, ती काढायला गीझरवाल्याला वेळ मिळत नाही. मुलगी शाळेत जाते, बाप तिला स्कूटरवर पुढे उभी करून नेतो. गल्लीत संध्याकाळी एक दिवा वाढला, तोही असा की सीझन संपला म्हणून विझणार नाही; रात्री तो बंद झाला की आपणही झोपायचं.

परवा भर दुपारी मात्र शेजारी आवाज चढले. मी बाथरूममध्ये होते, योगायोगाने.

"मोटार बंद कोण करणार? अख्खी टाकी वाहून गेली!"

"मावशी, सुरू तुम्ही केलीत!"

"केली मी, पण आवाज तुला ऐकू येत नाही?"

"मला वाटलं, तुम्ही लक्ष ठेवलंय!"

"लक्ष ठेवायला मी काय चौकीदार?"

किती दिवसांनी त्या घरात कुणी इतकं मोकळेपणाने भांडत होतं! पाहुण्यांशी कुठे असं भांडता येतं? त्यांच्याशी गोडच बोलावं लागतं, दात दुखेपर्यंत. देवाचे मनापासून आभार मानत मी खिडकी अजून जराशी उघडली.

थोड्या वेळाने मावशी तणतणत माझ्याकडे आल्या. पाणी किती वाया गेलं, हल्लीच्या मुलींना कसं कशाचं काही नाही, सगळं ऐकवलं. चेहरा लालबुंद, पण दहा वर्षांनी तरुण दिसत होत्या.

"एवढी डोकेदुखी आहे तर सांगा की तिला दुसरं घर बघायला," मी उगाच काडी टाकली.

"तुला कुणी विचारलंय?" मावशी उसळल्याच. "माझी भाडेकरीण आहे, मी बोलेन, ती बोलेल. तू मधे पडू नकोस!" आणि आमच्या पायऱ्या उतरता उतरताच मोठ्याने हाक मारली, "अगं ए, चहा टाकतेस का? मी आलेच."