आवाज बंद करून निवडलेला पिक्चर

“आवाज बंद करून बघितला तरी समजंल असा पिक्चर हाय का तुमच्याकडं?” वाघमारे गुरुजींनी विचारलं.

मला वाटलं, घरात कुणी आजारी असेल. म्हणालो, “गुरुजी, आवाज कमी करता येतो की. टीव्हीला बटण असतंय.”

“बटणाचं न्हाई हो. माझ्या पोरीला ऐकू येत न्हाई.”

परभणीत स्टेशनजवळ माझी व्हिडिओ लायब्ररी होती. तेव्हा टीव्ही फार थोड्या घरांत होते. लोक रंगीत टीव्ही, व्हीसीआर म्हणजे कॅसेट लावायचं मशीन, आणि वर तीन कॅसेटी असा सगळा सेट एका दिवसासाठी भाड्यानं न्यायचे. वायरी जोडणं सोपं होतं. खरं काम एकच. गिऱ्हाईक विचारायचं, “कोणता नेऊ?” आणि मला उत्तर द्यावं लागायचं. मी आधी विचारून घ्यायचो, घरात म्हातारं माणूस आहे का, लहान पोरं किती लहान, जावई येणार आहे का. सासरा आणि सून एकाच खोलीत बसणार असतील तर पावसातल्या गाण्याची कॅसेट मी गुपचूप काउंटरखाली सरकवायचो. एवढ्या वर्षांत मला हे विचारायचं सुचलं नव्हतं, की सगळ्यांना ऐकू येतं ना?

गुरुजी ताडकळसला शिक्षक होते. ‘जय भीम’ म्हणत दुकानात शिरले तेव्हा शेजारच्या पानवाल्यानं मान फिरवली होती. विद्यापीठाच्या नामांतराच्या त्या वर्षांत एवढ्याशा शब्दावर माणसं मान फिरवायची. गुरुजींनी तिकडं बघितलंच नाही. ते आपल्या विचारात होते.

“सुमन तिचं नाव. लहानपणी तापात कान गेले. लिहिती-वाचती, शिलाई लय सुरेख करती. पण पिक्चर लागला की सगळे हसतात आन् ती सगळ्यांची तोंडं बघती. हातानं विचारती, काय झालं? आमी म्हणतो, थांब, मग सांगतो. मग कुणीच सांगत न्हाई. आता तर पाव्हणे आले की चुलीपासून उठतच न्हाई. सख्ख्या भावाच्या लग्नात मांडवात आली न्हाई, बोला!”

तो भाऊ म्हणजे अशोक. त्याच्या सासरची माणसं रविवारी पहिल्यांदाच घरी यायची होती. अशोकला त्यांना व्हिडिओ दाखवायचा होता. गुरुजींचं म्हणणं एवढंच, की तीनपैकी एक तरी पिक्चर सुमनसाठी असावा.

“मिळंल की,” मी म्हणालो. धंद्यात ‘मिळंल’ हा शब्द आपोआप तोंडातून निघतो.

दुसऱ्या दिवशी बंद होता. एसटी बंद, बाजार बंद. दुकानाचं शटर खाली ओढून मी आणि माझी बायको लता आत बसलो. टीव्हीचा आवाज पार बंद केला आणि सगळ्यात जास्त चालणारा पिक्चर लावला. अख्ख्या परभणीनं रडत रडत बघितलेला. आवाज गेल्यावर त्यात काहीच उरलं नाही. एक बाई जिन्यात उभी राहून बराच वेळ तोंड हलवत होती, मग रडली. एक म्हातारा छातीला हात लावून खाली बसला.

“ती का रडायलीय?” लतानं विचारलं.

“तिला कळलंय की तो म्हातारा तिचा बाप हाय.”

“ते तुमाला आधीच ठाव हाय म्हणून. मला बघून सांगा.”

बघून काही सांगता येत नव्हतं. मग मारामारीचा लावला. कोण कुणाला मारतोय ते कळत होतं, कशासाठी ते कळत नव्हतं. तिसऱ्यात जुळे भाऊ होते. त्यात तर मलाच कोण कुठला ते समजेना, आणि तो पिक्चर मी कित्येकदा बघितलेला. आमच्याकडं भिंतभर कॅसेटी होत्या, आणि बहुतेक सगळ्यांत माणसं नुसती उभी राहून बोलत होती. इतकी वर्षं मी पिक्चर दाखवतोय असं समजत होतो. खरं तर लोक तो ऐकत होते.

लतानं खालच्या फळीवरून एक कॅसेट काढली. वर धूळ साचलेली. कृष्णधवल, जुना, नट कुणाच्या ओळखीचे नाहीत. मुंबईच्या व्यापाऱ्यानं नव्या कॅसेटींच्या लॉटबरोबर गळ्यात मारलेली. गोष्ट साधी. एक भाडेकरू आपलं गाढव माडीवरच्या खोलीत लपवून ठेवतो आणि घरमालकाला कळू नये म्हणून धडपडतो. घरमालक दारात, गाढवाची मान खिडकीत. लता हसली. मग मीही हसलो. बाहेर रस्ता सामसूम होता आणि आम्ही बंद शटरमागं तोंडावर हात ठेवून हसत होतो.

“ह्योच,” लता म्हणाली.

शनिवारी अशोक सेट ठरवायला आला. कॅसेट बघून त्याचा चेहराच उतरला.

“रंगीत टीव्ही न्यायलाव आन् त्याच्यावर काळा-पांढरा पिक्चर? सासरचे काय म्हणतील? नवीन हिट द्या की.”

“हिट देतोच. पहिला तोच लावू. हा दुसरा.”

“लोक उठून जातील.”

माझ्याही मनात तीच भीती होती. ताडकळसचा आठवडी बाजार मोठा. तिथं एकदा ‘ह्याच्याकडं जुना माल असतोय’ असं झालं, की आसपासच्या गावांतली लग्नं, बारशी सगळी दुसऱ्या व्हिडिओवाल्याकडं जाणार. पण त्याच्या वडिलांनी मागितलं होतं आणि मी हो म्हणालो होतो. “न्हाई आवडला तर मी सवता बंद करून दुसरा लावतो,” असं सांगून मी त्याला राजी केलं. त्यासाठी मला स्वतःला जावं लागणार होतं.

रविवारी मित्राच्या जीपमध्ये टीव्ही गोधडीत गुंडाळून ठेवला आणि ताडकळसला गेलो. गुरुजींच्या पुढच्या खोलीत उजेड येऊ नये म्हणून खिडक्यांना चादरी लावल्या होत्या. व्याही, विहीणबाई, नव्या सुनेची आजी, शेजारीपाजारी, सगळे सतरंजीवर दाटीनं बसले. पहिला हिट लावला. मधे पडद्यावर पट्टे यायला लागले तेव्हा मी ट्रॅकिंगचं बटण फिरवून चित्र सारखं केलं. ते करताना सुमन दिसली. स्वयंपाकघराच्या दारात उभी. हिरवी साडी, गळ्यात मोजायची टेप तशीच राहिलेली. लोक हसले. तिनं त्यांच्याकडं बघितलं आणि ती आत गेली.

जेवणं झाल्यावर मी गाढवाचा पिक्चर लावला. काळी-पांढरी अक्षरं दिसताच व्याही म्हणाले, “आरं, रंग गेला का काय मशीनचा?” लोक हसले. अशोकनं माझ्याकडं असं बघितलं की मी नजर मशीनवरच ठेवली.

गुरुजी आत गेले आणि सुमनला हाताला धरून घेऊन आले. ती दाराशी टेकून बसली. उठायच्या तयारीनंच.

घरमालक जिना चढायला लागला. भाडेकरूनं गाढवावर चादर टाकली, डोक्यावर टोपी ठेवली आणि त्याला पाहुणा म्हणून खाटेवर बसवायला निघाला. खोलीत सगळे, पडद्यावर कुणीतरी काहीतरी बोलेल म्हणून थांबले होते. सुमन थांबली नाही. ती हसली. मोठ्यानं, घशातून, एकदम वेगळ्याच आवाजात. स्वतःचा आवाज तिला ऐकू येत नव्हता ना.

सगळ्या माना तिच्याकडं वळल्या. तिनं पदर तोंडात कोंबला आणि उठायला लागली. मला वाटलं, झालं, संपलं. वाईट तिच्यासाठी वाटलं, आणि थोडं दुकानासाठीही.

तेवढ्यात नव्या सुनेची आजी सरकत सरकत तिच्यापाशी गेली आणि तिनं सुमनचा पदर धरला.

“बैस गं माय. मला त्यांचं हिंदी उमजत न्हाई. सकाळपासनं नुसती बसलेय. तुला कळायलंय तर मला सांग, ते जनावर कुणाचं हाय?”

“आजी, तिला ऐकू येत न्हाई,” सून हळूच म्हणाली.

“मग मला कुठं समजायलंय? आमी दोघी बघतो आमचं.”

आजीनं बोट दाखवून विचारलं. सुमननं डोक्यावर दोन हातांचे कान केले, मग पडद्यावरच्या जिन्याकडं बोट केलं, मग गळा कापल्याची खूण केली. आजीला सगळं कळलं. दोघी हसल्या. पुढं आजी प्रत्येक प्रसंगाला मांडीवर थाप मारायची आणि सुमन हातांनी पुढचं सांगायची. गाढव धोतर खाऊ लागलं तेव्हा व्याही हसता हसता भिंतीला टेकले. बहुतेकांचं निम्मं लक्ष पडद्यावर आणि निम्मं सुमनच्या हातांकडं होतं. गुरुजी मागं उभे होते. ते पिक्चर बघतच नव्हते.

तिसरी कॅसेट लावायला उठलो तर आजी म्हणाली, “ह्योच परत लावा.” अशोकनंच तो परत लावला.

पुढं गुरुजी कामानिमित्त परभणीला आले की सुमनला दुकानात आणायचे. ती लताजवळ बसून आवाज बंद करून कॅसेटी बघायची. पसंत पडली की पिशवीतला लाल दोरा काढून डब्याला बांधायची. जिथं म्हातारी माणसं आहेत, हिंदीची सवय नाही, अशा घरांना मी त्या कॅसेटी द्यायला लागलो. एकही तक्रार आली नाही. मग गिऱ्हाईकं स्वतःच म्हणायला लागली, “लाल दोऱ्याचा द्या.” शेजारचा पानवालाही आईसाठी एक घेऊन गेला. दोरा कुणी बांधलाय हे त्याला ठाऊक होतं. सुमन समोरच बसली होती.

एकदा मात्र फजिती झाली. पिंगळीचे एक गृहस्थ लाल दोऱ्याची कॅसेट काउंटरवर आपटून म्हणाले, “घरातल्या बायकांपुढं ह्यातलं गाणं ऐकवत न्हाई!” गाण्यात नाच अगदी साधा होता, विहिरीवर बाया पाणी भरताहेत. शब्द मात्र भलतेच चावट होते. ते सुमनला कसे कळावेत? लतानं लिहून सांगितलं तेव्हा ती लाजली, मग पोट धरून हसली, आणि नेमके शब्द लिहून दाखव म्हणून लताच्या मागंच लागली. त्यानंतर आमची पद्धत ठरली. चित्र सुमन बघणार, गाणी लता ऐकणार. दोघींच्या हाताखालून गेलेली कॅसेट मी डोळे झाकून देत असे.

केबल आली आणि लायब्ऱ्या बसल्या. माझीही बसली. पण तोवर सुमननं ताडकळसला शिलाईचा क्लास काढला होता, आणि तिच्याकडं शिकणाऱ्या पोरी आपसातसुद्धा हातांनी बोलायच्या.

मला धंद्यानं एवढंच शिकवलं. कुणी म्हणालं ‘सगळ्या घराला आवडेल असा पिक्चर द्या’, की लगेच कपाटाकडं हात न्यायचा नाही. घरात कोण कोण आहे ते विचारायचं. लोक घाईत एखादं माणूस सांगायचं विसरतात. म्हणून पुन्हा एकदा विचारायचं.